हरळीची मुळी हृदयात

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या फायलीत अँजिओग्राफीची सीडी असते आणि ‘पंपिंग ३० टक्के’ सांगणारा इकोचा रिपोर्ट असतो. रक्तवाहिनी कुठे तुंबली ते सीडीत दिसतं, हृदयाच्या भिंतीचा कोणता भाग हलत नाही ते इकोत. पण न हलणारा भाग मेला आहे की नुसता उपाशी आहे, हे या दोन्हींतून नक्की कळत नाही. कालव्याचा नकाशा कितीही बारकाईने काढला, तरी पिकात जीव उरलाय का ते पाहायला शेतातच उतरावं लागतं.

ते काम न्यूक्लिअर स्कॅन करतो. आपल्याकडे त्याला अजून ‘स्ट्रेस थॅलियम’ म्हणतात, पण सुईतून आता बहुतेकदा टेक्नेशियम जातं, सेस्टामिबी नावाच्या रेणूला जोडून. ते ज्या जनरेटरमधून काढतात, तसे जनरेटर अणुऊर्जा विभागाची वाशीची ‘ब्रिट’ ही संस्था पुरवते. दर ६ तासांनी टेक्नेशियमची किरणं निम्मी होतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरतो जेमतेम सोळावा हिस्सा.

मेख आहे ती या रेणूंच्या स्वभावात. थॅलियम पोटॅशियमसारखं वागतं, म्हणून जिवंत पेशीचा पंप त्याला आत ओढतो. सेस्टामिबीला पेशीतली मायटोकाँड्रिया आपल्या विद्युतभारावर धरून ठेवते. मेलेल्या पेशीला यातलं काहीच जमत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यात उमटतं ते रक्त पोचल्याचं चिन्ह, आणि पेशी कामावर असल्याचंही.

चित्रं दोन घेतात, एक विश्रांतीचं आणि एक श्रमाचं. वाहिनी ७० टक्के अरुंद झाली तरी माणूस स्वस्थ बसलेला असताना पुढच्या बारीक वाहिन्या सैलावून रक्त पुरवून नेतात. ट्रेडमिलवर मात्र निरोगी भागाचा प्रवाह कितीतरी पटीने वाढतो आणि अरुंद वाहिनीचा भाग मागे पडतो. गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तर अ‍ॅडेनोसिनसारखं औषध देऊन वाहिन्या सैल करतात. चहा-कॉफीतलं कॅफीन याच औषधाची वाट अडवतं. एवढ्याशा कपाने अख्खी तपासणी वाया जाऊ शकते.

फक्त श्रमाच्या चित्रात फिका दिसणारा भाग उपाशी असतो. दोन्ही चित्रांत फिका असेल तर तो बहुधा वण, पण नेहमीच नाही. १९३१ साली मुंबईत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत नावारूपाला आलेले हृदयरोगतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतुल्ला यांनी १९८०च्या दशकात ‘हायबरनेटिंग’ स्नायूची कल्पना रुजवली. रक्त कमी पडलं की हा स्नायू खर्च आटोपता घेतो, हलणं थांबवतो, पण मरत नाही. उन्हाळ्यात माळावर वाळून कोळ झालेली हरळी पहिल्या पावसात फुटते, तसाच हाही रक्त मिळालं की पुन्हा हलू शकतो. त्याला हुडकण्यासाठी किरणोत्सारी साखर देऊन पेट स्कॅन करतात. हृदयाचं मुख्य इंधन चरबी. उपाशी पेशी मात्र साखरेकडे वळतात. रक्त कमी पण साखर उजळलेली, म्हणजे मुळी जिवंत. मधुमेहींमध्ये हे चित्र नीट येण्यासाठी अनेकदा आधी इन्सुलिन द्यावं लागतं.

मग मुळी जिवंत दिसली की लगेच स्टेंट किंवा बायपास? वर्षानुवर्षं तसंच मानलं गेलं. पण २०११च्या ‘स्टिच’ अभ्यासात ६०१ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा बायपासचा फायदा कोणाला होईल हे जिवंत स्नायूवरून ठरलं नाही. २०२२च्या ‘रिव्हाइव्ह्ड’मध्ये तर हृदय दुबळं पण स्नायू जिवंत असलेलेच ७०० रुग्ण घेतले होते. स्टेंट घातल्याने त्यांचे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होणं, औषधांच्या तुलनेत कमी झालं नाही. माझ्या मते यात स्कॅन खोटा ठरत नाही. स्नायूबद्दल तो खरंच सांगतो; माणसाचं पुढचं आयुष्य मात्र वय, किडनी, औषधं आणि उरलेलं पंपिंग या सगळ्यांवर ठरतं. एकट्या स्कॅनच्या जोरावर छाती उघडण्याचा निर्णय घेऊ नये, आणि केवळ स्कॅन फिका आला म्हणून बायपास नाकारूही नये.

तुम्हाला ही तपासणी सांगितली असेल तर डॉक्टरांना आधी विचारा: रिपोर्ट असा आला तर काय करणार, आणि तसा आला तर काय? दमा असेल तर तो आवर्जून सांगा, मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारून घ्या, आणि आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवा.