‘लुक आफ्टर’ आणि आपले पाहणे

इंग्रजी भाषा शिकणाऱ्या आमच्या मुलांस त्या भाषेतील अवघड व लांबलचक शब्दांचे भय फारसे वाटत नाही. कारण असे शब्द कोशात सापडतात व त्यांचे अर्थही बहुधा ठरलेले असतात. खरी अडचण होते ती अगदी लहान शब्दांची. ‘लुक’ म्हणजे पाहणे आणि ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, ही दोन्ही पदे पहिल्याच वर्षी पाठ झालेली असतात. परंतु ‘ही लुक्स आफ्टर हिज मदर’ असे वाक्य पुढे आले, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतला चांगला हुशार मुलगाही ‘तो आईच्या नंतर पाहतो’ असे भाषांतर करून मोकळा होतो. दोन्ही शब्दांचे अर्थ बरोबर, आणि वाक्याचा अर्थ मात्र साफ निसटलेला! आमच्या अध्यापनाच्या काळात ही तऱ्हा आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. म्हणून घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या वडील मंडळींपुढे ह्या एका क्रियापदाचा विचार थोड्या विस्ताराने मांडावा, असे मनात आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही लकब इंग्रजीपुरती नाही. ज्यांस संस्कृताचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस ती नवी वाटण्याचे कारणच नाही. ‘हृ’ ह्या एकाच धातूस निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार व परिहार असे परस्परांशी काही संबंध नसलेले अर्थ निघतात, हे व्याकरणाच्या पहिल्याच पाठात सांगतात. ‘लुक’ ह्या क्रियापदास तर त्याहूनही जवळचा सोबती संस्कृतात आहे. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. ह्या पाहण्यास ‘प्रति’ लागला की प्रतीक्षा, म्हणजे वाट पाहणे. ‘परि’ लागला की परीक्षा. ‘निर्’ लागला की निरीक्षण. ‘अप’ लागला की अपेक्षा. आणि ‘उप’ लागला की उपेक्षा, म्हणजे पाहूनही न पाहिल्यासारखे करणे. इंग्रजीत हेच उपसर्ग धातूच्या मागून येतात, एवढाच काय तो भेद. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणे, ‘लुक फॉरवर्ड टु’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणे, ‘लुक डाउन अपॉन’ म्हणजे तुच्छ लेखणे. ‘लुक आफ्टर’ला तर संस्कृतात तंतोतंत जुळणारा शब्द आहे. ‘अव’ हा उपसर्ग लागून झालेले ‘अवेक्षण’ म्हणजे सांभाळ, देखभाल. राजाने प्रजेकडे ठेवावयाच्या लक्षासंबंधी कालिदासाने रघुवंशात हाच शब्द योजिला आहे. मुलास एवढे सांगितले, म्हणजे ‘आफ्टर’चा अर्थ ‘नंतर’ कोठे गेला, असे तो पुन्हा विचारीत नाही.

तरीही त्यास चित्र हवे असेल, तर तेही देता येते. ‘आफ्टर’चा अर्थ नुसता नंतर असा नव्हे; मागे, मागून असाही आहे. नुकते चालू लागलेले मूल अंगणात पुढे पळत असते आणि आईची दृष्टी त्याच्या मागे मागे फिरत असते. गुराखी गुरांच्या पुढे चालत नाही. मागून चालतो आणि तेथूनच सारा कळप डोळ्यांत ठेवतो. पुढे गेलेल्याच्या मागोमाग जाणारी दृष्टी, हा शब्दशः अर्थ एकदा मनात ठसला, की सांभाळण्याचा अर्थ त्यातून आपोआप उगवतो.

आता प्रयोगाचे थोडे नियम. ‘लुक’ आणि ‘आफ्टर’ ही जोडी कधीही फोडावयाची नाही. ‘ब्रिंग अप’, म्हणजे लहानाचे मोठे करणे, ह्या जोडीच्या मध्ये कर्म घालता येते. ‘लुक आफ्टर’च्या मध्ये ते चालत नाही. ज्याला सांभाळावयाचे, त्याचे नाव नेहमी ‘आफ्टर’च्या पुढेच येते. कर्मणी प्रयोगातही हे शेपूट तुटत नाही. ‘द चाइल्ड इज वेल लुक्ड आफ्टर’ ह्या वाक्यात शेवटी लोंबकळणारा ‘आफ्टर’ मुलांस चुकीचा वाटतो व ते तो गाळतात. गाळला की ‘मुलाकडे चांगले पाहिले’ असे काहीतरी अर्धवट उरते. ‘टेक आफ्टर’शीही ह्याची गल्लत होऊ देऊ नये, मुलगी आईच्या वळणावर गेली, तिचा चेहरामोहरा आईसारखा, असे सांगावयाचे असता तो प्रयोग होतो. ‘टेक केअर ऑफ’ हा ‘लुक आफ्टर’चा जवळचा भाऊच आहे. ‘केअर फॉर’ मात्र दुतोंडी आहे. आजाऱ्याच्या संबंधात त्याचा अर्थ शुश्रूषा करणे असा होतो, आणि चहाच्या संबंधात विचारले तर ‘आपण घेणार का?’ एवढाच होतो. ‘ओव्हर’ची गंमत तर ह्याहून मोठी आहे. ‘ओव्हरसियर’ म्हणजे बांधकामावर देखरेख ठेवणारा, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेआड होऊ देणे. दोहोंत ‘ओव्हर’ तोच, दोहोंत पाहणेही तेच; पण एकाचा अर्थ डोळा ठेवणे, तर दुसऱ्याचा डोळा चुकणे.

येथवर झाला इंग्रजीचा विचार. भाषांतर करावयाचे म्हटले की, खरी कसोटी मराठीची लागते; कारण इंग्रजाचे जे काम एका ‘लुक आफ्टर’ने भागते, त्यासाठी आपल्या घरांत डझनभर शब्द नांदत आहेत, व त्यांतला कोणता कोठे बसतो हे जन्मापासून कानावर पडल्यावाचून कळत नाही. मूल सांभाळावयाचे, गाईची निगा राखावयाची, शेताची राखण करावयाची, बागेची जोपासना करावयाची, कारखान्यावर देखरेख ठेवावयाची, नाती जपावयाची, पाहुण्यांची सरबराई करावयाची, आल्यागेल्याची वास्तपुस्त करावयाची आणि दुखणाईताची शुश्रूषा करावयाची. आमच्या जिल्ह्यात रेशमी कोशाचे पीक घेणारे लोक ऐन व अर्जुन ह्या झाडांवर उघड्या रानात अळ्या वाढवितात. कावळे, मुंग्या इत्यादिकांपासून त्यांस वाचविण्यासाठी दिवसभर झाडाखाली बसून राहतात. ह्यास राखण म्हणतात. ह्या अळ्यांची सरबराई किंवा शुश्रूषा केली, असे कोणी म्हटले तर शेजारचे लोक हसतील. परंतु इंग्रजी वाक्यात पाहुणा, अळी, आजी व कारखाना ह्या सर्वांच्या वाट्यास एकच ‘लुक आफ्टर’ येते.

ह्यावरून इंग्रजी दरिद्री ठरते असे मात्र कोणी समजू नये. आपल्याही शब्दांच्या मुळाशी गेले, तर तेथे हेच साधे पाहणे बसलेले दिसते. ‘देखरेख’ ह्या शब्दात देखणे उघडच आहे. ‘निगा’ हा शब्द फारसी ‘निगाह’वरून आला, निगाह म्हणजे दृष्टी, आणि ‘निगाह दाश्तन’ म्हणजे राखणे, जतन करणे. तेव्हा ‘निगा राखणे’ हे मूळचे डोळ्यांचेच काम आहे. ‘अध्यक्ष’ ह्या शब्दातील अक्ष म्हणजे डोळाच. ज्याचा डोळा कामावर आहे तो अध्यक्ष. शिवाय इंग्रजी जे काम शब्दयोगी अव्ययाने करिते, ते मराठी पुष्कळदा विभक्तीने वा दुसऱ्या एखाद्या शेपटाने करिते. ‘मुलगी पाहिली’ म्हणजे लग्नासाठी पाहिली. ‘मुलीकडे पाहा’ म्हणजे तिच्यावर लक्ष ठेव. ‘मुलीचे पाहावयाचे आहे’ म्हणजे तिचे शिक्षण, लग्न इत्यादी पार पाडावयाचे आहे. ‘दुधाकडे बघ’ असे सासूने सांगितले, तर त्यात दुधाचे सौंदर्य पाहण्याचा उपदेश नसतो. ते उतू जाऊ देऊ नको, एवढाच हुकूम असतो. ‘हवे-नको पाहणे’ ही तर ‘लुक आफ्टर’ची अस्सल घरगुती बहीण होय. आणि ‘त्याला मी बघून घेईन’ असे कोणी दात खाऊन म्हटले, तर तो सांभाळ नव्हे, धमकी आहे. आश्चर्य असे की, इंग्रजीतही ‘आय विल टेक केअर ऑफ हिम’ ह्या वाक्याचा प्रसंगविशेषी हाच अर्थ होतो.

ह्या सर्व शब्दांत दोन शब्द आम्हांस विशेष विचारार्ह वाटतात. पहिला ‘काळजी’. काळजी करणे निराळे आणि काळजी घेणे निराळे. करणाऱ्याची झोप उडते, पण दुखणाईताच्या उशाशी पाण्याचा तांब्या येतोच असे नाही. इंग्रजी ‘केअर’ची कहाणीही अशीच आहे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ दुःख, चिंता एवढाच होता. सांभाळ हा अर्थ त्यातून पुढे निघाला. लॅटिनमधील ‘क्यूरा’ हा शब्द दिसावयास सारखा असला, तरी त्याचे व ह्याचे नाते नाही. दुसरा शब्द ‘शुश्रूषा’. हा ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ऐकण्याची इच्छा म्हणून आज्ञापालन, आणि आज्ञापालन म्हणून सेवा, असा तो वाढत गेला. आजाऱ्यास औषध देणे, कूस बदलून देणे ह्या सर्वांच्या आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे, असे ह्या शब्दाने आपणांस सांगून ठेविले आहे.

हा शब्दांचा खेळ व्यवहारात कोठवर जातो, हे 2007 साली झालेल्या कायद्यावरून दिसते. आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केंद्र सरकारने त्या वर्षी जो अधिनियम केला, त्याच्या मराठी नावात ‘चरितार्थ’ हा शब्द योजिला आहे. इंग्रजीत तेथे ‘मेन्टेनन्स’ आहे. त्या शब्दाचे लॅटिन मूळ पाहू गेल्यास ‘हाताने धरून ठेवणे’ असे निघते. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार एवढे त्यात येते. उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी न्यायाधिकरणावर असतो, व मुलांनी दरमहा द्यावयाच्या रकमेची मर्यादा मूळ कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत ठेविली आहे. वृद्धांस टाकून देणाऱ्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निराधार म्हाताऱ्यास अशा कायद्याचा आधार मोठाच आहे. परंतु सरकारास चरितार्थ देवविता येतो. शुश्रूषा देवविता येत नाही. ‘ऐकण्याची इच्छा’ कोणत्या कलमाने उत्पन्न करणार?

वस्तूंच्या बाबतीतही हाच प्रकार आहे, व त्यास आमचा भंडारा जिल्हाच साक्ष आहे. हा तलावांचा प्रदेश. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी व गावोगावच्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांवर येथील धानाच्या बांध्या पिढ्यान्‌पिढ्या पिकल्या. मालगुजारीत जुलूम नव्हता असे नाही. परंतु पाळ फुटली तर ती कोणी बांधावयाची, गाळ कोणी काढावयाचा, पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडावयाचे, हे गावात सर्वांस ठाऊक असे. 1950 च्या कायद्याने, 1951 पासून, मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारकडे गेले. हक्क बदलणे योग्यच होते. पण तलावाचे ‘पाहणारे’ कोण, हा प्रश्न मागे राहिला. कागदोपत्री वाक्य कर्मणी झाले: ‘देखभाल केली जाईल.’ कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो, ही व्याकरणाची सोय आहे, तलावाची नव्हे. कित्येक तलाव गाळाने भरून उथळ झाले, त्यांत बेशरमाची झुडपे माजली. पुढे जेथे गावकरी पुनः एकत्र आले व गाळ काढून शेतांत नेऊन टाकू लागले, तेथे ह्या वाक्यास पुनः कर्ता मिळाला.

एकत्र कुटुंबातही ह्याच कर्मणी प्रयोगाचे भय आहे. घरात दहा माणसे असली म्हणजे ‘आजींचे सर्व व्यवस्थित पाहिले जाते’ असे जो तो सांगतो. कोण पाहतो असे विचारले, तर बहुतेक घरांत बोट एकाच व्यक्तीकडे जाते. ती थोरली सून असते, नाहीतर न परणलेली लेक. बाकीचे नऊजण काळजी करितात, ती एकटी काळजी घेते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्ताच्या ज्या योगक्षेमाचा भार पत्करिला आहे, त्याचा अर्थ भाष्यकारांनी असा केला आहे की, न मिळालेले मिळवून देणे हा योग, व मिळालेले राखणे हा क्षेम. आयुर्विमा महामंडळानेही आपले बोधवाक्य तेथूनच घेतले आहे. घरातील मिळविणाऱ्यांचा, म्हणजे योगाचा, मान सर्वत्र होतो. राखणाऱ्यांच्या वाट्यास, म्हणजे क्षेमाच्या वाट्यास, तो क्वचितच येतो. भार एकीच्या खांद्यावर न ठेवता दिवस वाटून घ्यावे, रात्रीचे औषध नातवाकडे द्यावे, आणि मुलग्यांनीही आईचे अंथरूण घालावे, यात कमीपणा कसला?

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच. मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेताना ‘लुक आफ्टर’चा एकच ठरावीक अर्थ घोकून घेऊ नये. पाच वाक्ये द्यावी: बाळाचे एक, गाईचे एक, तलावाचे एक, पाहुण्याचे एक व आजारी आजीचे एक. प्रत्येकास साजेल असे मराठी क्रियापद त्यास शोधावयास लावावे, आणि शेवटी पाचही वाक्ये कर्तरी प्रयोगात, कर्त्याच्या नावानिशी, लिहून घ्यावी. आजीच्या वाक्यात कर्ता म्हणून तो कोणाचे नाव लिहितो, हे वडील मंडळींनी अवश्य पाहावे.