नकाशे खुले झाले; वाचणार कोण?

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नकाशांविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी व प्रसिद्ध करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्या बहुतांशी रद्द झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणही आले. वसाहतकाळापासून चालत आलेली गुप्ततेची सवय शासनाने सोडली, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र हे नकाशे वाचणारा नागरिक कोठे घडवला जातो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपल्या शालेय व्यवस्थेकडे नाही.

‘एनसीईआरटी’च्या सहावीच्या नव्या पुस्तकाचा आरंभच नकाशाने होतो. प्रमाण, दिशा व चिन्हे तेथे शिकवली जातात. समोच्च रेषांचे स्थलदर्शक नकाशे मात्र अकरावीत आणि तेही भूगोल निवडणाऱ्यांच्याच वाट्याला येतात. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या सामाजिक शास्त्राच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत ५ गुण नकाशाचे असतात. ते कोऱ्या आराखड्यात धरणे, बंदरे, अधिवेशनांची स्थळे दाखवून मिळतात. ही स्मरणशक्तीची परीक्षा झाली. हाती नकाशा घेऊन समोरची जमीन ओळखणे ही वेगळी विद्या आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे कुमाऊँमधील मिलम गावचे नैन सिंह रावत आठवतात. ते शाळाशिक्षक होते. डेहराडूनला प्रशिक्षण घेऊन ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. एकसारखे पाऊल टाकण्याचा त्यांनी कसून सराव केला होता. माळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून, दर शंभर पावलांना एक मणी सरकवत ते अंतर मोजत. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ते काम साम्राज्याच्या सोयीचे होते, हे खरेच. परंतु पावले मोजणे आणि दिशा धरणे ही त्यांची साधने आजही कोणत्याही शाळेला परवडणारी आहेत.

मोबाइल वाट दाखवत असताना याची गरज काय, असे विचारले जाते. मोबाइल वळण सांगतो, पण भूमीचा स्वभाव सांगत नाही. रेषा दाटल्या की उतार तीव्र, त्यांची टोके चढाकडे वळली की तेथून पाण्याची वाट, हे नकाशावरून कळते. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हा नदीकाठच्या वेल्लारमला शाळेचीही मोठी हानी झाली. नकाशावाचनाने दरड थांबत नाही. मात्र आपली शाळा कोणत्या पाणवाटेवर आहे आणि सुरक्षित उंचवटा कोणत्या बाजूला, हे डोंगरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे.

प्रश्न आपत्तीपुरताच नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मालमत्तापत्रे दिली जात आहेत. जमिनीच्या वादांच्या सुनावण्यांत मी एक गोष्ट वारंवार पाहिली: टेबलावर नकाशा पसरला की बहुतेक पक्षकार गप्प होत आणि ज्याला तो वाचता येई, त्याचेच म्हणणे पुढे चाले. आपल्या हद्दीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस हक्कदार असूनही परावलंबी राहतो.

उपाय खर्चिक नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्यांपैकी एक दिवस नकाशाला द्यावा. प्रत्येक शाळेत भारतीय सर्वेक्षण विभागाचा त्या परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा व काही होकायंत्रे असावीत. नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर, हे मुलांनी चालून पडताळावे. ओढा, पूल, टेकडी नकाशावर शोधून तेथवर गटाने जावे आणि नकाशात नसलेली नवी वस्ती त्यावर नोंदवावी. शिक्षकांची तयारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था करून घेऊ शकतात. नकाशावाचन शिकवणाऱ्या राष्ट्रीय छात्र सेनेचे साहाय्यही घेता येईल. परीक्षेतील ५ गुणांपैकी निदान २ गुण अशा प्रत्यक्ष कामासाठी राखले, तर शाळा हा दिवस गांभीर्याने पाळतील.