वैशाखातलं मस्कत

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत एक रडार बसवलेलं होतं. २०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीड मीटर लांबीच्या लहरींवर चालणारं. पावसाळ्याआधीच्या कडक उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर भलतंच काही उमटू लागलं. ते होते अरबस्तानच्या किनाऱ्यावरून आलेले प्रतिध्वनी, हजार मैलांहून लांबचे! एवढ्या अंतराचा प्रतिध्वनी परतेपर्यंत रडारचा पुढचा स्पंद सुटलेला असतो, त्यामुळे दूरचा किनारा पडद्यावर खोटाच जवळ दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या युद्धकालीन रेडिएशन लॅबोरेटरीच्या ग्रंथमालेत डोनाल्ड केर यांनी संपादित केलेला लघुलहरींच्या प्रवासावरचा खंड १९५१ साली निघाला, त्यात मुंबईच्या या नवलाची नोंद आहे. लहरींच्या प्रवासाच्या अभ्यासात तेव्हापासून अरबी समुद्राचं नाव निघतं. हातात मावणारा स्कॅनर, म्हणजे एकामागून एक वारंवारता चाळणारा रेडिओ, घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर बसणाऱ्या हौशी श्रोत्याची जमीन अशी आधीच नांगरलेली आहे.

एरवी अशा मीटर-दोन मीटर लांबीच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. त्याचा एक ठोकताळा आहे: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१२ नं गुणायचं, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. वाळूत उभं राहिलेल्या माणसाच्या हातातला स्कॅनर जमिनीपासून जेमतेम दीड मीटर वर असतो. त्याचं क्षितिज पाच किलोमीटर. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर गेलात तर १६७. दहा हजार मीटरवरून उडणाऱ्या विमानाचं ४१२. विमानाचा पल्ला मोठा असतो तो उंचीमुळे. तिथे प्रक्षेपकाच्या वॅटला फारसा भाव नाही. ओमानचं पूर्वेकडचं टोक, रास अल हद्द, मुंबईपासून सुमारे चौदाशे किलोमीटरवर आहे. या हिशेबात ते बसतच नाही.

ते बसवून देते ती हवा. समुद्रालगतची हवा दमट आणि त्या मानानं थंड असते. अरबस्तानाकडून येणारी कोरडी, तापलेली हवा तिच्यावर पसरते. हवा जितकी दमट आणि गार, तितकी ती रेडिओलहरींना जास्त वाकवते. वर जाताना हा गुण एकदम घटला की लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षाही अधिक वाकते, खाली येते, समुद्रावरून परावर्तित होते, पुन्हा वाकते. जणू समुद्रावर एक आडवी नळी तयार होते आणि लहर तिच्यातून वाहत जाते. शास्त्रज्ञ तिला ‘डक्ट’ म्हणतात. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सामावायच्या तर हा थर सुमारे दोनशे मीटर किंवा त्याहून जाड लागतो. पातळ थरात जास्त मेगाहर्ट्झच्या, आखूड लहरीच टिकतात. म्हणून एखाद्या संध्याकाळी जहाजांचे संदेश लांबून येतात आणि एफएम मात्र गप्प असतं.

इथे उंचीचं गणितही फिरतं. एरवी गड चढणं फायद्याचं. पण नळी किनाऱ्याला चिकटून असेल तर कड्यावरचा श्रोता तिच्या छपराच्या वर जातो आणि पुळणीवरचा ऐकत बसतो. वर जायचं की खाली थांबायचं, हे त्या दिवशीची हवा ठरवते.

स्कॅनर विकत घेणाऱ्याला वाटतं, यंत्र आपोआप शोधून देईल. दूरच्या संकेतांपुरता हा भ्रमच. स्कॅनर थांबतो तो ‘स्क्वेल्च’ उघडल्यावर, म्हणजे संकेत ठरावीक जोराचा असेल तेव्हाच. क्षीण आवाज तो खुशाल ओलांडून जातो. तेव्हा स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवायचा, सूं सूं सहन करायची आणि एकेका वारंवारतेवर हातानं थांबायचं. दुसरी अडचण सोबत मिळणाऱ्या रबरी अँटेनाची. शंभर मेगाहर्ट्झला पाव लहर ७५ सेंटीमीटर होते. ती खिशात मावेल एवढ्या गुंडाळीत कोंबली की संकेताचा बराच भाग तिथेच मरतो. ताणून लांब करता येणारी साधी दांडी यापेक्षा कितीतरी बरी. मुंबईसारख्या शहरात आणखी पंचाईत, कारण जवळच्या एफएम केंद्रांच्या जोरानं छोटं यंत्र गुदमरतं आणि नसलेली केंद्रं ‘ऐकवतं’. देवगड, वेंगुर्ल्याकडचा श्रोता या बाबतीत भाग्यवान.

अरबी गाणं ऐकू आलं म्हणून मस्कत लागलं, असं म्हणून चालत नाही. केंद्राचं नाव कानावर पडायला हवं. अरबी येत नसेल तर निदान ध्वनिमुद्रण करून जाणकाराला ऐकवायला हवं. जहाजांच्या बाबतीत हा प्रश्न उरत नाही. मोठी जहाजं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर स्वयंचलितपणे आपला ठावठिकाणा सांगत असतात, अवघ्या १२.५ वॅटवर. संगणकावर तो संदेश उलगडला की अक्षांश-रेखांश हाती येतात आणि अंतर मोजून मिळतं. मला स्वतःला हा पुरावा गाण्यापेक्षा जास्त मोहक वाटतो. पण ही आवडीची गोष्ट.

कायद्याचं मात्र आवडीवर नाही. साधा एफएम रेडिओ कुणीही वापरावा. सर्व पट्टे ऐकणारा स्कॅनर किंवा वॉकीटॉकी ही वेगळी जात आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत तत्त्व एकच आहे: रेडिओ यंत्र बाळगायला सरकारी मुभा हवी, आणि दुसऱ्यासाठी असलेले संदेश चोरून ऐकणं गुन्हा. ऑनलाइन बाजारात मिळतं म्हणून ते वैध ठरत नाही. वॉकीटॉकीच्या अशा विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये नियमच काढले. सरळ मार्ग म्हणजे परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेणं.

मोसमी पाऊस आला की हवा ढवळून निघते, थर मोडतात आणि मस्कत बंद होतं. तेव्हा वर पाहायचं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जातं आणि त्यावरचं हौशी केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं. स्थानक डोक्यावरून गेलं तर दहाएक मिनिटं मिळतात, आणि येताना व जाताना वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत सरकलेली असते. अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ च्या जुलैत तिथूनच हौशी रेडिओवर भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले. ५ मे २००५ रोजी इस्रोनं सोडलेला ४२.५ किलोचा हौशी रेडिओचा उपग्रह हॅमसॅट मात्र आता ऐकू येत नाही. २०१४ च्या जुलैत तो बंद पडला. स्थानकावरून अधूनमधून चित्रंही येतात, शिट्टीसारख्या आवाजाच्या रूपात. स्कॅनरच्या स्पीकरपाशी फोन धरला, त्यात योग्य ॲप असलं, की ओळीओळीनं ते चित्र पडद्यावर उतरतं. त्याला दोनेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ शेजाऱ्यांनी बोलू नये.