‘माय’चे दोन सूर

वऱ्हाडात माय म्हणजे आई. डॉक्टरकी शिकायला चीनला गेलेल्या आपल्या यवतमाळ-पुसदच्या पोरांना तिथे हाच उच्चार नव्यानं शिकावा लागतो. सूर खाली नेऊन वर उचलला तर ‘माय’ म्हणजे विकत घेणं, वरून खाली आपटला तर विकणं. आपणही ‘काय’ पाच तऱ्हांनी म्हणतो, पण त्यानं राग, नवल, कंटाळा कळतो. शब्द तोच राहतो. चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. प्रमाण चिनीत असे चार सूर आहेत.

उच्चारात मात्र मराठी मूल पुढे असतं आणि हे त्याला कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. रोमन अक्षरांतली चिनी वाचताना ‘बी’ दिसला की मुलं ‘ब’ म्हणतात. खरा उच्चार ‘प’जवळचा; म्हणून बीजिंग तिथल्या माणसाच्या तोंडून ‘पेय्‌चिंग’ असं ऐकू येतं. त-थ, क-ख यांतला श्वासाचा फरक इंग्रजी बोलणाऱ्यांना घोटावा लागतो. आपण तो मुळाक्षरांतच शिकलेलो असतो. ‘चिंच’ म्हणून बघा. पहिला च टाळूला लागतो, दुसरा दातांमागे. निरोपाच्या ‘चाय्‌च्येन’मध्ये हेच दोन च आहेत, फक्त उलट्या क्रमानं.

खरी परीक्षा वॉर्डात. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशातलं वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून हवं. खाटेवरच्या म्हातारीला इंग्रजी कुठून येणार? ‘नाली थंग?’, कुठे दुखतं, एवढं विचारता येतं. उत्तर तिच्या गावच्या बोलीत येतं. आपल्याकडे ‘पोट दुखून राह्यलं’ हे पुण्याहून आलेल्या डॉक्टरला एकवेळ कळेल, पण झरी-जामणीची बाई कोलामीत सांगू लागली तर तोही असाच अडतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस मागे राहिले, जखमी सैनिकांमध्ये राहून चिनी शिकले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शल्यक्रिया चिनीतून शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, तेव्हा वय अवघं ३२ होतं.

२०२० मध्ये करोनामुळे घरी आलेली मुलं २०२२च्या उत्तरार्धापर्यंत इथेच अडकली. चीनमधला सकाळी आठचा तास आपल्याकडे साडेपाचला सुरू व्हायचा. मोबाइलवर व्याख्यानं ऐकू आली, पण रुग्णाशी बोलणं तेवढं राहून गेलं.

यंदा कुणी निघणार असेल, तर लिपी थोडी थांबू द्या, आधी कान तयार करा. रोज अर्धा तास नुसतं ऐका. मग दोन्ही ‘माय’ घरातल्या मायला म्हणून दाखवा आणि तिला दोन वेगळे शब्द ऐकू येतात का, ते विचारा.