पीसी बरा की कन्सोल? आधी प्रश्न नीट विचारूया

हॉस्टेलमध्ये रात्री दोनला रंगणारा हा वाद तुम्हीही ऐकला असेल. एकजण म्हणतो, कन्सोल घे, टीव्हीला जोड, खेळ. दुसरा म्हणतो, थोडे पैसे घालून पीसी घे, त्यावर थीसिसही लिहून होईल. दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. पहिला संशोधन प्रस्ताव लिहिताना माझी हीच गफलत झाली होती, म्हणून आज हे उदाहरण.

'बरा' म्हणजे काय, ते आधी मोजता येईल असं ठरवा. किंमत, चित्राचा दर्जा, काहीही चालेल. मी घेतला इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जाणारा वेळ. त्याला महागडं उपकरण लागत नाही. मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा सेकंदाला 240 फ्रेम घेत असेल, तर एक फ्रेम म्हणजे साधारण 4.2 मिलिसेकंद. बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असं शूटिंग करायचं आणि मधल्या फ्रेम मोजायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण होतं.

माझा पीसी, मित्राचा कन्सोल आणि दोन्हीवर रॉकेट लीग. कन्सोलला जवळपास दुप्पट वेळ लागला. मी ऐटीत गाइडना आलेख दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "स्क्रीन कोणती होती?"

पीसीला मॉनिटर होता आणि कन्सोलला मित्राच्या घरचा टीव्ही. चित्र देखणं दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर बरीच प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. गेम मोड लावला की ती बरीचशी बंद होते. आम्ही तो लावलाच नव्हता. म्हणजे आठवडाभर मी कन्सोल नाही, टीव्ही मोजत होतो! ज्याची तुलना करायची त्याच्यासोबत गुपचूप बदललेली दुसरी गोष्ट, तिलाच कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणतात. पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

मग दोन्ही यंत्रं एकाच मॉनिटरला जोडली. कंट्रोलर तोच, दोन्हीकडे सेकंदाला 60 फ्रेम. फरक खूपच आक्रसला. पण नवी अडचण उभी राहिली: माउस काढून घेतलेला आणि 60 फ्रेमवर बांधून घातलेला पीसी कोण वापरतं? 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, 144 हर्ट्झचा दर 6.9 मिलिसेकंदांनी. पीसीवाला त्याचेच तर पैसे मोजतो. सगळं समान केलं की अंतर्गत वैधता वाढते, पण निष्कर्ष घरी खेळणाऱ्याला कितपत लागू पडतो, म्हणजे बाह्य वैधता, ती घसरते. मी शेवटी दोन प्रयोग केले: एक सगळं समान ठेवून, दुसरा लोक खेळतात तसा. दोन्हींची उत्तरं एका तक्त्यात कोंबली नाहीत.

याहून मोठी चूक मला उशिरा दिसली. कन्सोलच्या एकाच मॉडेलच्या लाखो नगांमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी एकाच रचनेची असते, त्यामुळे एक नग मोजला तरी बाकीच्यांबद्दल थोडंफार बोलता येतं. माझा पीसी मात्र फक्त माझ्या पीसीबद्दल सांगतो. शेजारच्या खोलीतल्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, मागे चालू असलेला अँटिव्हायरसही वेगळा. एका बाजूला एक वस्तू आणि दुसऱ्या बाजूला अख्खा समूह, आणि माझा नमुना दोन्हीकडे एकच! प्रस्तावात 'पीसी' हा शब्द खोडून मी आधी ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहिलं.

सरासरीपासूनही सावध राहा. एका सेकंदात 60 फ्रेम आल्या, पण 59 पहिल्या अर्ध्या सेकंदात आणि साठावीला उरलेला अर्धा सेकंद लागला, तरी सरासरी 60च. खेळणाऱ्याला मात्र दणकून अडखळल्यासारखं वाटतं. स्कॉट वॉसन यांनी 2011 मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या चाचण्यांबाबत हाच मुद्दा मांडला आणि प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत रुळत गेली.

आणि हो, फ्रेम स्वतः मोजू नका. बटण नक्की कधी दाबलं गेलं हे धूसर दिसतं, आणि आपल्या लाडक्या यंत्राला नकळत एखादी फ्रेम माफ होते. मी व्हिडिओंना फक्त क्रमांक दिले, पडदा सोडून बाकी खुणा झाकल्या आणि रूममेटला मोजायला बसवलं. मोबदला: तीन कटिंग.