भुशाकडे बघा

पावसाळा सरला की कोकणातल्या आमच्या वाडीत लाकडांचा ढीग ठरलेला. काजूच्या वाळक्या फांद्या, वाऱ्यानं आडवा झालेला एखादा माड. बंबात जातील एवढे तुकडे करायला घरात विजेवरची चेनसॉ आहे. पेट्रोलवालीसारखी दोरी ओढायला नको, की तेल मिसळायला नको. बटण दाबलं की सुरू. म्हणूनच माणसं तिला मिक्सरसारखी वागवतात.

कापतात ते साखळीचे दाते. त्यांची हालत भुशावरून कळते. जाडसर कपचे उडत असले तर धार ठीक. पिठासारखी पूड पडू लागली, यंत्र दाबावं लागलं, की थांबायचं. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग टणक असतो, तो धार लवकर खातो. पण खरी वैरी माती. ओंडका कापताना साखळी एकदा जमिनीला घासली की धार गेलीच! म्हणून ओंडक्याखाली आडवी लाकडं घालतो.

घरगुती साखळीला बहुधा 4 मिमीची गोल कानस चालते. प्लग काढायचा आणि मगच दात्याला हात लावायचा. दात्यावरच्या तिरक्या खुणेच्या रेषेत कानस पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. प्रत्येक दात्याला तेवढेच हात द्यायचे. एका बाजूचे दाते आखूड झाले तर काप वाकडा जातो. कंटाळवाणं काम, पण मला कापण्यापेक्षा हेच आवडतं.

साखळी तापली की सैल पडते. तापलेली असताना घट्ट केली, तर निवल्यावर आवळते आणि पात्याला ताण देते. म्हणून काम संपल्यावर ती ढिली करून ठेवतो. तेल येतंय का हे बघायला चालू पात्याचं टोक जुन्या वर्तमानपत्रासमोर धरायचं. तेलाची रेघ उमटली पाहिजे. ठेवून दिल्यावर तेल थोडं झिरपतंच, खाली कापड घाला.

2000 वॅटची मोटर 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपियर ओढते. बारीक, लांबलचक वायर लावली की विजेचा दाब कमी होतो आणि मोटर तापते. जाड वायर आणि 16 अँपियरचा सॉकेट हवा.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र उसळून अंगावर येतं. दोन्ही हात मुठींवर, खांद्याच्या वर कधीच नाही. उभं झाड पाडायचं असेल तर आधी परवानगी बघा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणसही आहेत. आणि शिडीवर चढून ही करवत चालवू नका. उंचावरची फांदी असेल तर झाडावर चढणारा गडी बोलवा.