हात व मनगटाचे संधिविकार : आधी निदान, मग तैल

सांधेदुखी म्हटली की प्रथम गुडघ्याचा विचार होतो. परंतु बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊसतोड, द्राक्षछाटणी आणि धारा काढणे यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांची बोटे व मनगट आखडले की रोजगारच थांबतो.

इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने ‘कॉपकॉर्ड’ सर्वेक्षण सुरू झाले. त्यात ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. ऱ्हुमॅटॉइड संधिवात मात्र सुमारे ०.५ टक्केच होता. तात्पर्य, हात दुखणारा प्रत्येक रुग्ण आमवाताचा नसतो. पण जो असतो तो नजरेतून निसटता कामा नये.

दोन्ही हातांची मनगटे व बोटांची मुळे सुजलेली, सकाळची जखडण तासभर टिकणारी, सोबत अग्निमांद्य, अरुची व गौरव असल्यास आमवाताचा विचार करावा. बोटांच्या टोकाकडील सांध्यांवर कठीण गाठी, अंगठ्याच्या मुळाशी वेदना आणि अल्पकाळची जखडण ही संधिगतवाताकडे निर्देश करतात. एकच सांधा अकस्मात लाल व उष्ण झाल्यास वातरक्त आठवावे. अंगठा, तर्जनी व मध्यमेला रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटातील नाडी दबल्याची शक्यता असते.

हा भेद चिकित्सेत निर्णायक ठरतो. संधिगतवातात स्नेहन, उपनाह व बंधन हितकर होत. सामावस्थेतील आमवातात मात्र तैलाभ्यंगाने शोथ वाढतो. तेथे लंघन, दीपन-पाचन व वालुकास्वेद हाच क्रम योग्य. औषधालयात ‘हात दुखतो’ एवढ्यावरच तेलाची बाटली हाती देणे म्हणूनच योग्य नव्हे.

सहा आठवड्यांहून अधिक काळ सूज राहिल्यास रक्ततपासणी व संधिवाततज्ज्ञाचा सल्ला यांत विलंब करू नये. सांध्याची झीज प्रारंभीच्या काळातच होऊ लागते. चालू असलेली मेथोट्रेक्सेटसारखी औषधे परस्पर बंद करू नयेत. गुग्गुळ-शल्लकीयुक्त कल्प दीर्घकाळ देताना यकृताची तपासणी करावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या गुडघ्याच्या संधिवातावरील अभ्यासात अशा कल्पांनी लाभ झाला, तरी काही रुग्णांत यकृताच्या तपासणीतील एसजीपीटी वाढलेले आढळले. एका दिवसात आराम देणाऱ्या, नाव-घटक नसलेल्या पुड्या दुकानात ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

हात वाचला तर कष्टकऱ्याचे घर वाचते, हे भान वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही ठेवावे.